पिवळ्या काखेचा बेडूक आणि एक्केचाळीस खड्डे

सोन्याच्या नादाने माणसं भिकेला लागतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. सोन्याच्या नादाने माणूस खड्डे बुजवायला लागतो, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

दोष मॉरीन शीडीचा. मॉरीन आमची शेजारीण. तीस वर्षं तिने मालट्रक चालवला, त्यामुळे तिचा आवाज अजूनही इंजिनाच्या वर चढवून काढलेला असतो. कुंपणापलीकडून तिने "गुड मॉर्निंग" म्हटलं की आमच्या घरातल्या कपबशा उत्तर देतात. आमच्या ट्रेगोवन गावाच्या सोनेशोधक मंडळाची ती अध्यक्ष. मी औषधांचं दुकान विकून घरी बसलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने कुंपणावर कोपर ठेवून मला सांगितलं, "नेव्हिल, रिकामा नवरा घरात ठेवणं ऑड्रीच्या तब्येतीला चांगलं नाही. यंत्र घे आणि जंगलात चल."

ऑड्री माझी बायको. तिने इतक्या तत्परतेने होकार दिला की मला थोडं वाईटच वाटलं.

दोन वर्षं मी मेटल डिटेक्टरचा हेडफोन कानाला लावून आयर्नबार्कच्या झाडांखाली फिरलो. या काळात मला सापडलेल्या वस्तू: बंदुकीच्या गोळ्या, बिअरच्या डब्यांची झाकणं, घोड्याच्या नालांचे खिळे आणि एक अर्धी कवळी. कवळी मी ओळखली. पस्तीस वर्षं गावाला औषधं दिल्यावर माणूस गावाला आतून बाहेरून ओळखतो. मालकाला ती परत केली, तर तो म्हणाला, "उरलेली अर्धी कुठाय?" म्हणजे चोर मीच.

सोन्याचा कण मात्र नाही. मंडळात अकरा सभासद, त्यातल्या दहा जणांना काही ना काही मिळालेलं. अकरावा मी. चहाच्या वेळी बाकीचे आपापल्या डब्या काढून दाखवायचे, तेव्हा मी सर्वांना बिस्किटं वाटायचं काम अंगावर घेतलं होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना खात्याचा अहवाल आला. उद्यानं आणि जंगलं सांभाळणाऱ्या खात्याने ट्रेगोवनचं जंगल राष्ट्रीय उद्यान करायचं ठरवलं होतं. पानं दोनशे बारा. त्यात म्हटलं होतं की हौशी सोनेशोधक खड्डे खणतात आणि तसेच टाकून जातात, म्हणून त्यांना जंगलबंदी करण्यात यावी. हरकती असल्यास मार्चमधल्या जाहीर सुनावणीत मांडाव्यात. एकसष्टाव्या पानावर पुराव्यादाखल एका खड्ड्याचा फोटो होता. खड्डा स्वच्छ दिसत होता. मला तर त्यात काही वावगं वाटलं नाही.

अग्निशमन दलाच्या शेडमध्ये मंडळाची तातडीची सभा भरली. एकाने सुचवलं, संसदेसमोर धरणं धरू. दुसरा म्हणाला, धरणं उन्हाळ्यात नको. तिसऱ्याने विचारलं, लॅमिंग्टन संपले का? (लॅमिंग्टन म्हणजे खोबऱ्यात लोळवलेला केक. आमच्याकडे कुठलीही चळवळ याच्याशिवाय उभी राहत नाही.)

मग कोपऱ्यातून वॉली पेंगेली बोलला. वॉली त्र्याऐंशी वर्षांचा. पन्नास वर्षं तो आणि त्याची बायको ईनिड दर रविवारी या जंगलात यायचे. ईनिड गेली, वॉलीचे गुडघे गेले, पण वॉली अजून येतो. घडीचं स्टूल मांडून बसतो आणि इतरांना कुठे खणायचं ते सांगतो.

"मुलगी मागे लागलीय," वॉली म्हणाला, "मेलबर्नला चला म्हणून. तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांची एक जागा आहे. जाऊन बघून आलो. खिडकीतून पार्किंग दिसतं. मी तिला म्हटलं, जंगल चालू आहे तोवर मला विचारू नकोस. बंद झालं की येतो." आणि मग टोपी नीट करत म्हणाला, "तेव्हा काय ते बघा बाबांनो. मला मोटारी मोजत बसायचं नाही."

मॉरीनने टेबलावर थाप मारली. केक दचकले.

"खड्ड्यांची तक्रार आहे ना? मग जंगलातला एकेक खड्डा बुजवायचा! आपला असो, परका असो, आजोबांनी खणलेला असो. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, लांबी, रुंदी, खोली, सगळं वहीत. आणि ती वही सुनावणीला त्यांच्या टेबलावर आपटायची. वही कोण ठेवणार?"

दहा चेहरे माझ्याकडे वळले. औषधवाल्याचं अक्षर सुवाच्य असतं असा लोकांचा समज आहे. वास्तविक आमची खासियत दुसऱ्यांचं गचाळ अक्षर वाचण्यात. पण बिस्किटं वाटून कंटाळलेला माणूस पदाला नाही म्हणत नाही. मी 'खड्डाप्रमुख' झालो.

आता खड्डा बुजवणं ही गोष्ट बाहेरून दिसते तितकी सोपी नाही. खड्ड्यातून काढलेली माती परत त्याच खड्ड्यात टाकली तर ती पुरत नाही. कुठे जाते देवाला माहीत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि इथे तर कितीतरी खड्डे सोन्याच्या गर्दीच्या काळातले, दीडशे वर्षांपूर्वीचे. त्यांची माती केव्हाच वाहून गेलेली. दुसरीकडून आणायची तर तिकडे खड्डा पडणार. मी ऑड्रीच्या गुलाबाच्या वाफ्याकडे नुसतं पाहिलं, तर ती म्हणाली, "नेव्हिल, त्या मातीला हात लावलास तर पुढचा खड्डा तुझ्या मापाचा असेल."

शेवटी वॉलीने तोडगा काढला. जुन्या खाणकामगारांनी उपसलेल्या मातीचे ढीग जंगलात ठिकठिकाणी आहेत. त्यातलीच माती वापरायची. मी ढिगांना क्रमांक दिले. कुठल्या ढिगातून किती ढकलगाड्या माती कुठल्या खड्ड्यात गेली, हे मी औषधाच्या नोंदीइतक्या काटेकोरपणे लिहून ठेवलं. या काटेकोरपणाचा मला तेव्हा अभिमान होता.

जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हात (आमच्याकडे उन्हाळा तेव्हाच असतो) सात आठवडे आम्ही खड्डे बुजवले. मी दोनदा खड्ड्यात पडलो, एकदा बुजवण्याआधी आणि एकदा, कसा कोण जाणे, बुजवल्यानंतर. फोटो मॉरीन काढायची. खड्डा क्रमांक नऊच्या 'आधी'च्या फोटोत माझी पाठमोरी आणि वाकलेली आकृती इतकी भरून आली की खड्डा शोधावा लागतो. तो फोटो बदलावा अशी मी विनंती केली. "राहू दे," मॉरीन म्हणाली, "मापाचा अंदाज येतो."

खड्डे बुजवता बुजवता मी कचराही वेचत होतो. डबे, बाटल्या, आणि बऱ्याच खड्ड्यांच्या काठाला रोवलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुंट्या. कोणी तंबूवाले विसरून गेले असावेत. मी त्या सगळ्या उपटल्या, घरी नेल्या, साबणाने धुतल्या आणि दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. चार जुड्या आणि वर एक.

सुनावणी नगरभवनात झाली. अख्खा गाव लोटला होता. व्यासपीठावर खात्याचा अधिकारी लॅकलन ऑकली बसला होता. तिशीतला, अत्यंत सभ्य तरुण. कोणी काही म्हटलं की तो "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय" असं म्हणे. एकाने त्याला "गाढवा" म्हटलं, तेही त्याने नोंदवून घेतलं.

माझी पाळी आली. मी नवा टाय घातला होता. वही उघडून मी खणखणीत आवाजात सांगितलं: सात आठवडे, सत्त्याऐंशी खड्डे, प्रत्येकाची मापं आणि फोटो, शिवाय अकरा पोती कचरा. आणि नाट्य साधावं म्हणून मी खुंट्यांच्या जुड्या पिशवीतून काढून टेबलावर मांडल्या.

टाळ्या! पस्तीस वर्षांत मी या गावाच्या मूळव्याधीपासून मलेरियापर्यंत सगळ्याला औषध दिलं, कोणी टाळी वाजवली नव्हती. वॉली तर स्टुलावरून उभा राहिला, तोही काठीशिवाय.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. चष्मा, चालायचे बूट, केस घाईत बांधलेले. त्या थेट टेबलापाशी आल्या आणि एक खुंटी उचलून तिचा तळ पाहू लागल्या.

"या तुम्हाला कुठे मिळाल्या?"

"जंगलात, बाई. कोणीतरी टाकून दिल्या होत्या. धुऊन घेतल्यात."

"मी टाकल्या होत्या," बाई म्हणाल्या. "रोवल्या होत्या. मी डॉक्टर इलेनी स्टाव्रू. सहा वर्षं मी या जंगलातल्या पिवळ्या काखेच्या बेडकाचा अभ्यास करतेय."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. काख हा शब्द सरकारी सभेत सहसा येत नाही.

"उन्हाळ्यात तो लांब पालापाचोळ्याखाली झोपलेला असतो," बाई सांगत होत्या, पण त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. त्या माझ्या वहीची पानं उलटत होत्या. "उन्हाळा संपून पाऊस पडला की जुन्या खड्ड्यांत येतो. तिथेच अंडी घालतो. दुसरीकडे कुठेच नाही. क्रमांक चौदा... हा माझा सात नंबर. हा माझा बारा... मिस्टर ट्रेम्बाथ, तुम्ही सगळे बुजवलेत? सगळे?"

"एकूण एक," मी म्हणालो. आणि हे म्हणताना माझ्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता, याची मला आजही लाज वाटते.

एखादी बाई शंभर लोकांसमोर रडू नये म्हणून ओठ चावते, ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

लॅकलनने नोंदवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात मला तोंड दाखवायची सोय उरली नाही. बेकरीत गेलो तर बेकरीवाला म्हणतो, "नेव्हिल, पावाला मधे भोक पडलंय, बुजवून देतोस?" दाढीच्या दुकानात न्हावी म्हणाला, "काख दाखव बघू." सोनेशोधक म्हणायचे याने आपली बाजू बुडवली, उद्यानाच्या बाजूचे झाडंवाले म्हणायचे याने बेडूक बुडवले. दोन्ही पक्षांचं एकमत होईल असा गावातला पहिला विषय मी ठरलो.

आठवड्याने खात्याचं पत्र आलं. बेडकांचे एक्केचाळीस खड्डे बुजवणाऱ्यांनी ते पुन्हा, त्याच जागी, त्याच मापाचे, फक्त हाताच्या अवजारांनी, पावसाआधी खणून द्यावेत. मापं कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. पत्राला माझ्याच वहीची नक्कल जोडलेली होती. स्वतःच्या अक्षरातलं आरोपपत्र वाचण्याचा योग फार थोड्यांना येतो.

खाली आणखी एक ओळ होती: निर्णय होईपर्यंत या जंगलात खणण्यास सक्त मनाई आहे.

मी लॅकलनला फोन लावला.

"तुम्ही खणायला सांगता आणि खणायला बंदीही घालता?"

"त्यासाठी वेगळी परवानगी लागेल, मिस्टर ट्रेम्बाथ. अर्ज पाठवतो. फक्त एक अडचण आहे. अर्जात 'खड्ड्याचा प्रकार' असा रकाना आहे. त्यात बेडकाचा खड्डा नाही."

"मग काय काय आहे?"

"खांब, कुंपण, पाइप, शौचालय आणि मृत जनावर पुरणे."

"आणि 'इतर'?"

"'इतर' गेल्या वर्षी काढून टाकलं. लोक सगळंच त्यात घालायला लागले होते."

आम्ही दोघांनी मिळून विचार केला. खांबाचा खड्डा फार अरुंद, जनावराचा फार खोल. मापाने सर्वांत जवळचं शौचालय पडत होतं. मी शौचालयावर खूण केली. संख्या: एक्केचाळीस.

परवानगी तीन दिवसांत आली. पाचव्या दिवशी आरोग्य विभागाचं पत्र आलं. जंगलात एक्केचाळीस शौचालयं बांधण्याच्या आपल्या उपक्रमाचं स्वागत आहे. दारं कोणत्या दिशेला उघडतात, हात धुण्याची सोय काय, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तींसाठी किती राखून ठेवली आहेत, हे नकाशासह कळवावं. खाली लिहिलं होतं की काम पूर्ण झाल्यावर पाहणी होईल.

ऑड्रीने पत्र दोनदा वाचलं. "अकरा माणसांचं मंडळ आणि एक्केचाळीस संडास," ती म्हणाली. "लोक विचारतील, तुम्ही तिकडे खाता तरी काय?"

मग खणायला सुरुवात झाली. मंडळातले बरेच जण पाठीचं निमित्त सांगून गळाले. त्या पाठींना मीच मलम दिलेलं असल्यामुळे कुठली खरी आणि कुठली खोटी हे मला ठाऊक होतं, पण बोललो नाही. उरलो मी, मॉरीन आणि स्टुलावर वॉली. डॉक्टर इलेनी मोजपट्टी घेऊन यायच्या. पहिल्या आठवड्यात त्या माझ्याशी फक्त आकड्यांत बोलल्या. "दोन सेंटिमीटर जास्त." "काठ इतका उभा नको, त्याला चढता येत नाही." बेडकासाठी जिन्याची सोय करावी लागते, हे मला नवीन होतं.

दुसऱ्या आठवड्यात आमच्यातला बर्फ वितळला, तो वॉलीमुळे. तो स्टुलावर बसून म्हणाला, "पोरी, तुझा तो बेडूक 'क्रर्रक' असा ओरडतो का? ओल्या बुटासारखा?"

डॉक्टर इलेनी थांबल्या. "तुम्ही ऐकलाय?"

"पन्नास वर्षं ऐकतोय. ईनिड म्हणायची, वॉली, तुझे बूट बदल. मी म्हणायचो, माझे नाहीत, कोणीतरी आपल्या मागे येतंय." तो हसला आणि मग त्याने कुठल्या खड्ड्याजवळ, कुठल्या साली, किती आवाज ऐकले ते सांगायला सुरुवात केली. बाईंनी मोजपट्टी खाली ठेवली आणि वही काढली. त्या दिवशी एकही खड्डा खणला गेला नाही. घरी जाताना त्या माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "मिस्टर ट्रेम्बाथ, तुमच्या वहीइतकी नीट नोंद मी माझ्या विद्यार्थ्यांकडूनही पाहिली नाही." मी इतका गहिवरलो की खोऱ्याऐवजी त्यांची छत्री घेऊन घरी गेलो.

वहीतल्या सव्वीस नंबरच्या खड्ड्याची गोष्ट. दिवस बुधवार, सकाळचे अकरा. लॅकलन आठवड्याच्या तपासणीला आलेला, बूट चकचकीत. मी खड्ड्यातली माती बाहेर फेकत होतो आणि खोऱ्याच्या टोकावर काहीतरी पिवळं लुकलुकलं. मी वाकलो. पुसलं. वालाच्या दाण्याएवढं, खडबडीत, आणि हातात घेतल्यावर हात खाली जाईल इतकं जड.

आयुष्यभर ग्रॅममध्ये वजनं केलेला माणूस मी. नऊ ग्रॅम, फार तर साडेनऊ. मी ते वॉलीच्या तळहातावर ठेवलं.

वॉलीने ते उन्हात धरलं, जिभेला लावलं आणि म्हणाला, "आहे बाबा. तेच आहे." मग हळूच, "चेहरा सरळ ठेव, नेव्हिल. असा हसलास तर सगळा गाव खोरं घेऊन येईल."

पण मॉरीनने पाहिलं होतं. तिचा आनंदाचा आवाज ऐकून झाडावरचे काकाकुवे उडाले आणि लॅकलन धावत आला. त्याने तो दाणा पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर प्रथम आश्चर्य, मग आनंद, मग कर्तव्य अशी क्रमाने हजेरी लागली.

"मिस्टर ट्रेम्बाथ, अभिनंदन," तो म्हणाला. "पण पत्रातलं नववं कलम... खड्ड्यातून निघालेली कोणतीही वस्तू जागेवरून हलवू नये."

"अरे, माझा सोनं शोधायचा परवाना आहे की!"

"तो सोनं शोधण्यासाठी आहे. तुम्ही सध्या शौचालय खणताय."

मॉरीनने त्याला ज्या शब्दांत समजावलं ते मी इथे देत नाही. लॅकलनने मुख्य कचेरीला फोन लावायचं ठरवलं. फोनला रेंज फक्त त्याच्या गाडीच्या टपावर मिळाली. पाऊण तास तो सभ्य माणूस टपावर उभा राहून एका हाताने टोपी धरत "हो, सोनं. नाही, शौचालयात. नाही, बेडकाचं" असं सांगत होता. शेवटी खाली उतरला.

"ते म्हणतात, मूळ जागी परत ठेवा."

"म्हणजे याच खड्ड्यात?"

"इथलं असेल तर."

आणि इथे डॉक्टर इलेनींनी, केवळ सत्याच्या प्रेमाने, तोंड उघडलं. "पण ही माती मूळची इथली नाही ना? ही भरावाची आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडली. नसती उघडली तरी मला पाठ होतं. *खड्डा सव्वीस. माती: तिसरा ढीग. ढकलगाड्या: बारा.* म्हणजे दोन महिन्यांपूर्वी मी माझ्या या दोन हातांनी ते सोनं खोऱ्याने उचललं, गाडीत घातलं, दीडशे पावलं ढकलत आणलं आणि खड्ड्यात गाडून वरून पाय आपटले होते. पाय आपटतानाचा फोटोसुद्धा आहे. त्यात मी हसतोय.

"दोन वर्षं शोधत होतास," वॉली म्हणाला. "आणि सापडलं तेव्हा पुरलंस."

आम्ही पाचजण मिरवणुकीने तिसऱ्या ढिगापाशी गेलो. मी बारा गाड्या माती काढल्यामुळे ढिगाच्या पायथ्याशी एक चांगलासा खळगा पडला होता. लॅकलनने माप सांगितलं, मी वीतभर खणलं, आणि वॉलीने दाणा आत ठेवला. ठेवण्याआधी त्याने तो एकदा माझ्या तळहातावर टेकवला आणि मिनिटभर तसाच राहू दिला. मग आम्ही पाचांनी पंचनाम्यावर सह्या केल्या. ही जागा कोणालाही सांगायची नाही, असं ठरलं. बातमी फुटली तर शंभर माणसं येतील, ढीग तर जाईलच, पण बेडूकही जातील आणि जंगलही बंद होईल. मॉरीननेही शपथ घेतली, आणि ती कुजबुजत घेतली. तिला कुजबुजता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी संध्याकाळी फक्त ऑड्रीला सांगितलं. बायको ही कायद्याने बाहेरची व्यक्ती नाही.

एप्रिलच्या अखेरीस पाऊस आला तेव्हा एक्केचाळीस खड्डे तयार होते. आठवडाभरात एकतिसांतून ओल्या बुटांचे आवाज यायला लागले. डॉक्टर इलेनींनी खात्याला आठ पानांची पुरवणी पाठवली. त्यात लिहिलं होतं की हे बेडूक इथे टिकले ते दीडशे वर्षं माणसं इथे सोनं शोधत उथळ खड्डे करत आली म्हणून. जंगल बंद केलं तर खड्डे गाळाने आपोआप भरतील. खात्याने एवढ्या लवकर निर्णय घेतल्याचं गावात कोणाला आठवत नाही. त्याचं खरं कारण लॅकलनने मला नंतर सांगितलं. आरोग्य विभाग एक्केचाळीस शौचालयांच्या पाहणीचा तगादा लावून बसला होता, आणि जंगलाची फाइल मिटल्याशिवाय संडासांची मिटेना.

निर्णय असा: जंगल खुलं राहील. खुंट्यांच्या आत कोणी खणायचं नाही. स्वतः केलेला खड्डा स्वतः बुजवायचा. आणि शेवटचं कलम, जाड अक्षरात: 'कोणताही जुना खड्डा बुजवणे हा दंडनीय गुन्हा समजला जाईल.' कलमात नाव नव्हतं. गरज नव्हती. बेकरीवाल्याने ते कापून काचेवर चिकटवलं.

मेच्या दुसऱ्या शनिवारी जंगल पुन्हा उघडलं. मी पहाटेच उठलो. परवाना खिशात, यंत्र खांद्यावर. निघताना ऑड्रीही सोबत आली. "तुझ्यासोबत फिरायला," ती म्हणाली. तिच्या टोपलीत चहाचा थर्मास आणि गुलाबांना वापरायची खुरपी होती. मी खुरपीबद्दल काही विचारलं नाही.

तिसऱ्या ढिगाजवळ पोचलो तर समोरच्या पायवाटेवरून मॉरीन येत होती. "व्यायाम," ती म्हणाली. तिच्या पाठीमागे खोऱ्याचा दांडा दिसत होता. आम्ही एकमेकांकडे पाहून हवापाण्यावर बोलायला लागलो. इतक्यात झाडीतून अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ निघाला. लॅकलनला मी कधी गणवेशाशिवाय पाहिलं नव्हतं. त्याच्या हातात अगदी नवं, दुकानाची चिठ्ठी न काढलेलं यंत्र होतं.

"सुट्टीचा दिवस आहे," तो लाल होत म्हणाला. "परवाना काढलाय."

"नोंदवून घेतलं," मी म्हणालो. हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून मी दोन महिने थांबलो होतो.

आम्ही चौघं, कोणीच कोणाकडे न बघता, ढिगाला वळसा घालून पायथ्याशी आलो. तिथे वॉली स्टूल टाकून बसला होता. शेजारी डॉक्टर इलेनी गुडघ्यांवर. दोघांनीही एकदम ओठांवर बोट ठेवलं.

खळग्यात पाणी साचलं होतं. काठाच्या ओल्या पानांखाली मातीच्याच रंगाचा, अंगठ्याएवढा एक प्राणी बसला होता. आम्ही बघत असताना त्याने हात जरा हलवला आणि काखेत हळदीसारखा पिवळा ठिपका दिसला. त्याच्या खाली अंड्यांचा पुंजका होता. आणि त्याच्या बरोबर वीतभर खाली माझे नऊ ग्रॅम होते. फार तर साडेनऊ.

"बाप आहे," वॉली कुजबुजला. "यांच्यात बायको अंडी घालून निघून जाते. मग हा बसतो. पिल्लं पाण्यात सुटेपर्यंत हलत नाही."

डॉक्टर इलेनींनी पिशवीतून पांढरी खुंटी काढली आणि खळग्याच्या काठाला रोवली. बेचाळीस. मॉरीनने खोरं झाडाला टेकवलं. लॅकलनने यंत्र बंद केलं. मी यंत्र खांद्यावरून खाली ठेवलं; मला दुःख झालं की हसू आलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ऑड्रीने खुरपी टोपलीत तळाशी सारली आणि थर्मास उघडला.

"अंडी किती आहेत ते रोज मोजायला कोणीतरी हवं होतं," डॉक्टर इलेनी हळू आवाजात म्हणाल्या. "जो तासन्‌तास न हलता बसू शकेल असा. मला सहा वर्षांत असा माणूस मिळाला नाही. मिस्टर पेंगेली हो म्हणालेत."

"आणि मेलबर्न?" मी विचारलं.

वॉलीने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. त्याची नजर पाण्यावरून हलली नव्हती.

"काल पोरीला फोन केला. म्हटलं, यंदा यायला जमायचं नाही, इथे एकाचं बाळंतपण आहे." मग तो म्हणाला, "तिने विचारलं, कोणाचं? आता तिला सगळं कुठे सांगत बसू? म्हटलं, आहे एक. एकटाच आहे बिचारा, त्याच्याजवळ कोणीतरी बसायला पाहिजे."

पानांखालून ओल्या बुटासारखा आवाज आला. वॉलीने मान डोलावली, आणि आम्ही सगळे त्याच्या मागे ओळीने खाली बसलो.